पॅरिस दरबारचा अमेरिकन वकील

पेशवाईचा इतिहास शिकवताना 'वकील' हा शब्द आला की वर्गातली मुले हमखास फसतात. त्यांच्या डोळ्यांसमोर काळा डगला घालून कोर्टात भांडणारा माणूस उभा राहतो. पण त्या काळी परदरबारी आपल्या धन्याच्या वतीने राहणाऱ्या माणसाला वकील म्हणत; आज आपण ज्याला राजदूत म्हणतो तोच हा. पेशव्यांचे असे वकील हैदराबादेस होते, दिल्लीस होते. तिकडे काय घडते आहे, कोणाची फौज कोठे हलली, बाजारात काय बोलवा आहे, हे सारे ते पुण्यास लिहून कळवीत. १७८६ साली चार्ल्स मॅलेट इंग्रजांच्या वतीने पुण्यास येऊन राहिला, तोही याच कामासाठी.

आज ज्या वकिलाची हकीकत मी सांगणार आहे तो त्याच वर्षांत पॅरिसला होता. त्याचे नाव थॉमस जेफरसन. पुढे तो अमेरिकेचा तिसरा अध्यक्ष झाला हे शिक्षकबंधूंना ठाऊक असेलच. पण अध्यक्ष जेफरसन आज बाजूला ठेवू. १७८४ ते १७८९ ही पाच वर्षे परमुलखात राहून ज्याने घरच्या मित्रांना पत्रांमागून पत्रे लिहिली, तो जेफरसन मला तुमच्यासमोर आणायचा आहे. नांगरापासून राज्यघटनेपर्यंत ज्याचा विचार त्या पत्रांत नाही असा विषय शोधूनच काढावा लागेल.

तो पॅरिसला आला तेव्हा एक्केचाळीस वर्षांचा होता. दोन वर्षांपूर्वी त्याची बायको वारली होती. बरोबर थोरली मुलगी होती आणि जेम्स हेमिंग्ज नावाचा एक तरुण होता. हा जेम्स नोकर नव्हे, गुलाम होता. त्याच्याकडे मी शेवटी येणार आहे. अमेरिका स्वतंत्र होऊन नुकतीच कोठे स्थिरावत होती. इंग्रजांशी तहावर सह्या १७८३ साली झाल्या होत्या. नव्या राष्ट्राला व्यापाराचे करार हवे होते, कर्ज हवे होते, तंबाखूला गिऱ्हाईक हवे होते. त्या आधी बेंजामिन फ्रँकलिन तेथे वकील होता, आणि सारे पॅरिस त्या म्हाताऱ्यावर खूश होते. फ्रँकलिन घरी परतला आणि १७८५ मध्ये त्याची जागा जेफरसनला मिळाली. लोक विचारीत, "फ्रँकलिनसाहेबांची जागा तुम्हीच घेतलीत ना?" त्यावर त्याचे उत्तर ठरलेले असे : त्यांची जागा कोणालाच घेता यायची नाही, मी फक्त त्यांच्यानंतर आलो आहे.

फ्रान्सचा राजा दर साल शरद ऋतूत शिकारीसाठी फाँतेनब्लोला जाई. राजा गेला की दरबार जाई, आणि दरबार गेला की परदेशच्या वकिलांनाही हजेरी लावावी लागे. १७८५ च्या ऑक्टोबरात जेफरसन तेथे गेला होता. एके दिवशी गावाची पाहणी करावी म्हणून तो एकटाच पायी डोंगराच्या रोखाने निघाला. वाटेत एक गरीब बाई भेटली. तीही त्याच रस्त्याने चालली होती. त्याने तिला आधी वाटेबद्दल विचारले, मग हळूहळू तिच्या कामाबद्दल, घराबद्दल. ती मोलमजुरी करीत होती. दिवसाची मजुरी आठ सू. पदरी दोन मुले. घराचे भाडे तीस लीव्र. आणि काम रोज मिळे असेही नाही. काम नसेल त्या दिवशी घरात भाकरी नाही.

हा हिशेब शिक्षकांनी फळ्यावर मांडून पाहावा. वीस सूंचा एक लीव्र होतो. तीस लीव्र म्हणजे सहाशे सू. आठ सू रोजाने सहाशे सू मिळवायला पंचाहत्तर दिवस लागतात. म्हणजे अडीच महिने ती बाई नुसत्या छपरासाठी राबे, चूल त्यानंतर. जेफरसनने हे गणित पत्रात मांडले आहे. मैलभर चालून झाल्यावर त्याने तिला वाट दाखवल्याबद्दल चोवीस सू दिले. तीन दिवसांची मजुरी झाली ती. बाईला रडू कोसळले. तोंडातून शब्द फुटेना. एवढी मदत तिला जन्मात कोणी केली नसावी, असे तो लिहितो.

दुसरा एखादा वकील असता तर त्याने हळहळ व्यक्त केली असती आणि रात्री राजाच्या मेजवानीला गेला असता. जेफरसनही मेजवान्यांना जाई, तो काही संन्यासी नव्हता. पण मुक्कामावर परतल्यावर त्याने आपल्या तरुण मित्राला, जेम्स मॅडिसनला, लांबलचक पत्र लिहिले. त्याला प्रश्न पडला होता तो असा : काम करायला तयार असलेली इतकी माणसे भीक मागतात, आणि त्याच देशात एवढी जमीन पडीक का? उत्तर त्याला डोळ्यांसमोर दिसत होते. जमीन मूठभर श्रीमंतांच्या हाती होती, आणि त्यांनी ती हरणे-ससे वाढावेत, शिकार मिळावी, म्हणून मोकळी सोडली होती. सगळ्यांना सारखी वाटणी करता येणार नाही, हे तो कबूल करतो. पण इस्टेट सर्व मुलांत वाटली जावी, थोड्या मिळकतीवर कर नसावा आणि मिळकत वाढेल तसा कराचा दर चढत जावा, असे उपाय तो सुचवतो. पृथ्वी ही सर्वांना कसून पोट भरण्यासाठी मिळालेली सामाईक ठेव आहे. ती काहींच्या मालकीची होऊ द्यायची असेल तर ज्यांना जमीन उरली नाही त्यांना दुसरे काम देण्याची जबाबदारी समाजावर येते, असा त्याचा एकंदर विचार. राज्यातला सर्वांत मोलाचा माणूस म्हणजे लहान शेतकरी, असेही त्याने याच पत्रात म्हटले. हे सारे फ्रेंच राज्यक्रांतीच्या चार वर्षे आधी लिहिलेले आहे, हे लक्षात घ्या.

१७८६ च्या सप्टेंबरात त्याचा उजवा मनगट निखळला. कित्येक दिवस तो डाव्या हाताने लिहीत होता. डॉक्टरांनी दक्षिणेकडच्या गरम झऱ्यांत हात शेकायला सांगितले. हे निमित्त त्याला बरेच झाले म्हणायचे! १७८७ च्या फेब्रुवारीअखेर तो निघाला तो जूनमध्ये परतला. झऱ्याच्या पाण्याचा मनगटाला काही गुण आला नाही; पण साऱ्या दक्षिण फ्रान्सचे आणि उत्तर इटलीच्या तुकड्याचे शेतकाम त्याने डोळ्यांखालून घातले. मित्र लाफायेतला त्याने या प्रवासात एक सल्ला दिला. त्याचा मतलब असा की देश बघायचा असेल तर ओळख लपवून गरिबांच्या झोपड्यांत शिरावे, चुलीवरच्या भांड्यात काय शिजते आहे ते पाहावे, त्यांची भाकरी चाखावी, आणि थकल्याचे सोंग करून त्यांच्या बिछान्यावर आडवे व्हावे, म्हणजे तो मऊ आहे की टणक ते कळते. आपल्याकडे जिल्ह्यात फिरतीवर येणाऱ्या साहेबमंडळींना हा शेवटचा उपाय कितपत मानवेल, शंका आहे.

आता भाताची गोष्ट. मावळातल्या आणि कोकणातल्या श्रोत्यांना ती अधिक आवडेल. अमेरिकेत कॅरोलायना नावाचा प्रांत आहे. तेथला तांदूळ युरोपात विकला जाई. पण पॅरिसच्या बाजारात त्याला इटलीतल्या पीडमाँटच्या तांदळाशी टक्कर द्यावी लागे. पीडमाँटच्या तांदळात कणी कमी असे. व्यापारी म्हणत, तिकडे सडायचे यंत्र चांगले आहे. जेफरसनला वाटले, ते यंत्र पाहून आपल्या लोकांना कळवावे. समुद्रकाठच्या गावांत चौकशी केली, पण कोणालाच सांगता येईना. शेवटी तो खेचरावर बसून आल्प्स ओलांडून तुरिनकडे उतरला आणि एप्रिलमध्ये वेर्चेल्लीच्या भातखाचरांत जाऊन पोचला. यंत्र पाहिले. ते पाण्याच्या चाकावर चालणाऱ्या मुसळांचे होते, आणि कॅरोलायनात वापरतात त्याहून त्यात काहीच निराळे नव्हते! मग फरक कशात? त्याने ताडले की फरक यंत्रात नाही, बियाण्यात आहे. भाताची जातच वेगळी.

बी न्यावे तर कायदा आडवा. न सडलेले भात देशाबाहेर नेण्यास बंदी होती, आणि त्याला मृत्युदंडाची शिक्षा आहे असे त्याला सांगण्यात आले. त्याने एका खेचरवाल्याशी बोलणे करून पोते-दोन पोती डोंगर ओलांडून जिनोआला पोचवायचे ठरवले. पण त्या गड्यावर त्याचा पुरता भरवसा बसेना. तेव्हा त्याने स्वतःच्या डगल्याचे आणि वरच्या अंगरख्याचे खिसे भाताने भरले आणि सरहद्द पार केली. एका राष्ट्राचा वकील, आणि खिशात चोरटे बियाणे! वकिलाच्या पेशाला हे शोभते का, असे कोणी विचारले तर नाही, असेच म्हणावे लागेल. पण माझे आजोबा भातकरी होते. दुसऱ्याच्या बांधावरची ठसठशीत लोंबी पाहून त्यांचा हात हळूच कसा पुढे जाई, ते मी पाहिले आहे. म्हणून मला जेफरसनवर रागावता येत नाही.

या बियाण्याचे पुढे काय झाले? कॅरोलायनाच्या जमीनदारांना ते मुळीच पसंत पडले नाही. आमचे भात सरस आहे, हे हलके बी त्यात मिसळले तर आमची जात बिघडेल, असे त्यांनी कळवले. म्हणजे जिवावर उदार होऊन आणलेले बी फुकट गेले. तरी त्याने नाद सोडला नाही. कॅरोलायनाची खाचरे पाण्याने तुंबलेली असत, आणि उन्हाळ्यात तापाने तेथे माणसे मरत. पाण्यात उभे राहून राबणारे बहुतेक सारे गुलाम होते. डासाच्या पोटात हिवतापाचे जंतू असतात हे रोनाल्ड रॉसला सिकंदराबादेस सापडले ते १८९७ साली. जेफरसनच्या काळी साचलेले पाणी आणि ताप यांची सांगड एवढेच माहीत होते. तेव्हा पाणी न साचवता, नुसत्या पावसावर येणारे भात मिळवावे, असे त्याच्या मनाने घेतले. पुढे १७९० साली आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरून त्याला तसे बी मिळाले. ते जॉर्जियाच्या उंच भागात रुजले, असे त्याने नंतर नमूद केले. देशाच्या शेतीत एका उपयोगी रोपाची भर घालणे याहून मोठी देशसेवा नाही, असे त्याचे मत होते. पॅरिसच्या आपल्या बागेतसुद्धा तो घरच्यासारखी मक्याची कणसे पिकवून खाई.

पुढल्या वर्षी, १७८८ च्या वसंतात, हॉलंड-जर्मनीकडून परतताना लॉरेन प्रांतात नांगरणी चालू होती. फाळाने कापलेली माती उचलून पालथी करणारी एक वाकडी फळी लोखंडी नांगराला असते. आपल्या जुन्या लाकडी नांगराला ती नसे. तो माती फाडी, पण उलथत नसे. किर्लोस्करांचा नांगर आल्यावर मराठी शेतकऱ्याने ही करामत पाहिली. लॉरेनच्या नांगरांची फळी इतकी ओबडधोबड होती की बैलांचे निम्मे बळ मातीशी झटण्यातच जाई. जेफरसनने तेथेच वहीत टिपण केले की या फळीचा नेमका आकार गणिताने काढता आला पाहिजे. माती अलगद चढावी आणि अलगद उलटावी, इतकेच त्या फळीचे काम. त्याने तो आकार काढला, घरी जाऊन शेतावर चालवून पाहिला, आणि १७९८ साली त्याची रीत विद्वानांच्या सभेपुढे ठेवली. पॅरिसच्या शेतकी संस्थेने त्याला सुवर्णपदक दिले. त्याने पेटंट मात्र घेतले नाही. ज्याला हवी त्याने ती फळी करून घ्यावी.

ब्यूफाँशी झालेला त्याचा वाद तर फारच गमतीचा. ब्यूफाँ हा युरोपातला नामांकित जीवशास्त्रज्ञ. त्याने लिहून ठेवले होते की अमेरिकेची हवा दमट नि थंड, म्हणून तेथली जनावरे लहान राहतात आणि युरोपातून नेलेलीही खुजी होत जातात. फ्रँकलिनने याचे उत्तर एका जेवणावळीत दिले होते. पंगतीत निम्मे फ्रेंच, निम्मे अमेरिकन. अमेरिकन माणूस खुजा होतो यावर एक फ्रेंच पंडित रंगात येऊन बोलू लागला. फ्रँकलिन म्हणाला, उठा सगळे, बघू या. अमेरिकन सारे उंचेपुरे निघाले आणि फ्रेंच नेमके बुटके. तो पंडित तर सर्वांत लहान! जेफरसनला एवढ्याने समाधान वाटेना. त्याने न्यू हॅम्पशायरच्या प्रमुखाला लिहून मूस नावाचे प्रचंड जनावर मागवले. मूस हे हरणाच्याच कुळातले, पण आपल्या सांबराहून कितीतरी थोराड. भर हिवाळ्यात माणसांनी ते बर्फातून ओढत आणले. चाळीसहून अधिक पौंड खर्च झाला. १७८७ मध्ये पॅरिसला पोचेपर्यंत त्याचे केस झडले होते आणि शिंगे दुसऱ्याच जनावराची होती. तरी सांगाडा बोलका होता. ब्यूफाँने चूक दुरुस्त करण्याचे कबूल केले म्हणतात. पण १७८८ च्या एप्रिलात तो वारला आणि दुरुस्ती राहून गेली.

असेच एकदा पॅरिसच्या एका कारागिराने पन्नास बंदुकांच्या चापांचे सुटे भाग त्याच्यापुढे टाकले. जेफरसनने डोळे मिटून उचलावेत तसे हाती येतील ते भाग घेऊन स्वतः चाप जुळवले. सारे बिनतक्रार बसले! आज सायकलचा एखादा भाग मोडला तर आपण दुकानातून तसाच दुसरा आणतो आणि त्यात नवल वाटून घेत नाही. १७८५ मध्ये ते नवल होते, आणि त्याने ताबडतोब आपल्या सरकारला त्याची खबर दिली.

तो पॅरिसला असतानाच इकडे अमेरिकेत मोठी उलथापालथ चालली होती. मॅसॅच्युसेट्समध्ये कर्जबाजारी शेतकरी कोर्टे बंद पाडीत होते; जमिनी जप्त होऊ नयेत म्हणून ते हत्यारे घेऊन उठले होते. घरचे पुढारी घाबरून गेले. जेफरसनने पॅरिसहून लिहिले, घाबरू नका, फार कठोर शिक्षा करू नका. लोक चुकतात ते खरी माहिती नसते म्हणून. तेव्हा घरोघर वर्तमानपत्र पोचू द्या. सरकार नसले तरी चालेल पण वर्तमानपत्रे हवीत, इतक्या थराला तो गेला. मात्र त्याने एक अट घातली, आणि ती बहुधा कोणी सांगत नाही : प्रत्येकाला ते पत्र मिळाले पाहिजे आणि वाचता आले पाहिजे. ही अट शिक्षकांच्या कामाची आहे.

१७८७ च्या उन्हाळ्यात फिलाडेल्फियात अमेरिकेची राज्यघटना तयार झाली. जेफरसन तेथे नव्हता. पण मॅडिसनला त्याने आधीच पॅरिसहून पुस्तकांच्या पेट्या पाठवल्या होत्या, आणि जुन्या-नव्या संघराज्यांचा अभ्यास मॅडिसनने त्या पुस्तकांवर केला होता. घटनेचा मसुदा समुद्रावरून कित्येक आठवड्यांनी पॅरिसला पोचला. त्याने तो वाचला आणि डिसेंबरात उत्तर धाडले. बरेचसे पसंत आहे, पण यात नागरिकांच्या हक्कांची सनद कोठे आहे? धर्माचे स्वातंत्र्य, छापण्याचे स्वातंत्र्य, हे स्पष्ट लिहिलेले हवे. कोणतेही सरकार कितीही न्यायी असो, त्याने हे गृहीत धरून चालायचे नाही. मॅडिसनला ही सनद प्रथम तितकी गरजेची वाटत नव्हती. शेवटी त्यानेच १७८९ मध्ये ती काँग्रेसपुढे मांडली आणि १७९१ च्या डिसेंबरात ती मंजूर झाली.

त्याच १७८९ साली फ्रान्समध्ये क्रांतीला तोंड लागले. जेफरसन व्हर्सायला जाऊन सभागृहातली भाषणे ऐके. ऑगस्टमध्ये लाफायेत आणि त्याचे मित्र त्याच्या घरी जेवायला म्हणून आले आणि तासन् तास राज्यकारभारावर खल करीत बसले. परक्या देशाच्या वकिलाच्या घरी असे होणे बरे नव्हे, म्हणून दुसऱ्या दिवशी त्याने आपण होऊन फ्रेंच मंत्र्याला ते सांगून टाकले.

याच दिवसांत, ६ सप्टेंबरला, त्याने मॅडिसनला आणखी एक पत्र लिहिले. माझ्या मते त्याच्या साऱ्या पत्रांत हे सर्वांत धाडसी. फ्रान्सच्या राजांनी पिढ्यान् पिढ्या कर्जे काढली होती आणि ती आता रयतेच्या मानेवर होती. जेफरसनने विचारले, मेलेल्यांनी केलेले कर्ज जिवंतांनी का फेडावे? पृथ्वी जिवंत माणसांची आहे. मग त्याने ब्यूफाँचेच मृत्यूचे कोष्टक घेतले; मूसवरून भांडणारा, पण आकडे त्याचेच! आज प्रौढ असलेल्यांपैकी निम्म्याहून अधिक लोक किती वर्षांत मरतात ते काढले. उत्तर आले सुमारे एकोणीस वर्षे. म्हणून कोणत्याही राष्ट्राने एकोणीस वर्षांत फिटणार नाही असे कर्ज काढू नये, आणि कोणताही कायदा त्यापुढे आपोआप चालू राहू नये. मॅडिसनने पाच महिन्यांनी शांतपणे उत्तर दिले : काही कर्जे तर पुढल्या पिढीच्याच भल्याची असतात, आणि दर एकोणीस वर्षांनी सारे कायदे गळून पडले तर कोणाची मिळकत शाबूत राहील? दोघांत व्यवहार मॅडिसनपाशी होता. पण प्रश्न विचारायला जेफरसनच लागला.

आता जेम्स हेमिंग्जकडे येतो. पॅरिसमध्ये त्याला फ्रेंच स्वयंपाकाचे शिक्षण देण्यात आले आणि तो जेफरसनच्या मुदपाकखान्याचा मुख्य झाला. तेथे त्याला पगारही मिळे. १७८७ मध्ये धाकट्या मुलीबरोबर त्याची बहीण सॅली आली. ती तेव्हा चौदा वर्षांची होती. तिच्या मुलांचा बाप जेफरसनच, असे १९९८ च्या रक्तपरीक्षेनंतर बहुतेक इतिहासकार मानतात. पॅरिसमध्ये गुलामाने कोर्टात अर्ज केला तर त्याची सुटका होऊ शकत होती, आणि जेफरसनला हे पक्के ठाऊक होते. १७८६ साली एका अमेरिकन गृहस्थाने आपल्या काळ्या मुलाबाबत सल्ला विचारला, तेव्हा त्याने लिहिले की काही न बोलता राहावे, सहसा कोणी हरकत घेत नाही. फाँतेनब्लोच्या वाटेवर अनोळखी बाईची मजुरी विचारणारा हा माणूस. त्याने आपल्या स्वयंपाकघरात तसा प्रश्न विचारल्याचे कोठे दिसत नाही.

१७८९ च्या सप्टेंबरअखेर तो सर्वांना घेऊन परत निघाला. १७९३ मध्ये लेखी ठरले की दुसरा आचारी तयार करून दिल्यावर जेम्सला मोकळे करू. त्याने आपल्या पीटर नावाच्या भावाला शिकवले आणि १७९६ मध्ये तो सुटला. पाच वर्षांनी त्याने आपल्या हाताने जीव दिला.

जेफरसन ४ जुलै १८२६ रोजी वारला. त्याच्या डोक्यावर एक लाख डॉलरांहून अधिक कर्ज होते. ते भागवायला पुढल्या जानेवारीत त्याच्या माँटिसेलोच्या वाड्यावर लिलाव झाला. भांडीकुंडी, गुरेढोरे, आणि एकशे तीस माणसे. त्यांत पीटरही होता. एका सुटलेल्या नातलगाने त्याला एका डॉलरला विकत घेऊन मोकळे केले.